छात्राध्यापक आणि नवी साधने



डिजिटल साधनांचा अंगीकार करण्यास येथील छात्राध्यापक अत्यंत उत्सुक आहेत, असे प्राचार्यांनी मघाशी मोठ्या समाधानाने सांगितले. त्या समाधानात मीही सहभागी आहे; तथापि ही उत्सुकता नेमकी कशाची, याची थोडी चौकशी करण्याची मुभा पाहुण्याला असावी.

नवे तंत्र मनुष्य स्वीकारतो तो ते आपल्या उपयोगाचे आहे आणि वापरावयास सुलभ आहे, या दोन समजुतींच्या बळावर, असे प्रतिपादन फ्रेड डेव्हिस या अमेरिकन संशोधकाने १९८९ मध्ये केले. पण सराव पाठात हा उपयोग कोणाचा? पाठ-टाचणातील ‘शैक्षणिक साधने’ या रकान्यात प्रोजेक्टर लिहिला की निरीक्षकांची मर्जी संपादन होते. मग छात्राध्यापिका वर्गाकडे पाठ करून भिंतीवरचा मजकूर वाचू लागते, खिडकीच्या उजेडात फिकटलेली अक्षरे मागच्या बाकावरील मुलांना दिसत नाहीत, आणि तरीही शेरा पडतो, ‘साधनाचा उत्तम वापर’. उपयोग झाला खरा, पण गुणपत्रिकेला. यात तुम्हा छात्राध्यापकांचा दोष मी मानत नाही. शिरस्ताच तसा आहे.

याउलट एक उदाहरण पाहा. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक रणजितसिंह डिसले २००९ मध्ये रुजू झाले, तेव्हा मुलांच्या घरची भाषा कन्नड आणि पुस्तकाची निराळी, ही अडचण त्यांनी प्रथम हेरली. कन्नड ते स्वतः शिकले, आणि पाठ्यपुस्तकांच्या पानांवर त्यांनी जे क्यूआर कोड आणले, त्यांतून मुलांना कविता, गोष्टी नि पाठ कन्नडमधून ऐकू येऊ लागले. २०२० चे ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाले आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटली, हे सर्वश्रुत आहे. मला अधिक मोल वाटते ते आधी अडचण आणि मग यंत्र या क्रमाचे. आपल्या टाचणात नेमका हाच क्रम उलटतो.

म्हणून प्राचार्यांपुढे एक प्रस्ताव ठेवतो. पुढील वर्षी प्रत्येकाच्या एका सराव पाठात, पूर्वसूचना न देता, मध्यावरच वीज बंद करावी, आणि उरलेल्या वेळात छात्राध्यापक जे शिकवील त्याला निम्मे गुण ठेवावेत. समोर बसलेल्यांपैकी काहींची मुद्रा एव्हाना गंभीर झाली आहे. तेव्हा पारितोषिक-वितरणास आता विलंब नको.