त्वचेची साक्ष
(वार्षिक संमेलनातील भाषण)



त्वचेचे नेहमी आढळणारे दोन कर्करोग, तळपेशींचा व शल्कपेशींचा, वेळीच काढून टाकल्यास बहुधा पूर्ण बरे होतात. म्हणून रोगी निश्चिंत होतो. तथापि २०१३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो. सुमारे दीड लाख गौरवर्णीय परिचारिका व पुरुष आरोग्यव्यावसायिक यांची वीस वर्षांहून अधिक काळ नोंद ठेवली असता, असा रोग होऊन गेलेल्या पुरुषांत अन्य कर्करोगांचा धोका १५, तर स्त्रियांत २६ टक्के अधिक दिसला.

त्वचेचा रोग आत उतरतो, असा याचा अर्थ नव्हे. २०१८ साली स्टॅनफर्ड येथे सहा वा अधिक वेळा तळपेशी-कर्करोग झालेले ६१ रुग्ण तपासले. त्यांपैकी सुमारे २० टक्क्यांत पेशींची दुरुस्ती करणारी जनुकेच जन्मतः सदोष निघाली. मूळ एकच, त्वचा केवळ प्रथम साक्ष देते.

आपल्या सावळ्या वर्णात हे रोग विरळ. म्हणून ते आकडे आपणांस जसेच्या तसे लागू करू नयेत. मात्र भाजल्याच्या जुन्या व्रणात वा चिघळत्या जखमेत शल्कपेशींचा कर्करोग आपल्याकडेही उद्भवतो. महिनाभर न भरणारी जखम वैद्यास दाखवावी. आणि मुलीचे स्थळ मोडेल या भयाने घराण्यातील कर्करोग वैद्यापासून लपवू नये, कारण त्या मौनाची किंमत पुढील पिढी देते.