बाहुल्यांच्या पायऱ्या

भाद्रपदाची अमावास्या जवळ आली, की बंगळूरच्या बसवनगुडी-मल्लेश्वरम् भागातील जुन्या घरांतून माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरू लागतात. जुन्या लुगड्यांच्या घड्यांतून आणि वर्तमानपत्रांच्या बोळ्यांतून वर्षभर निजलेली एक प्रजा बाहेर येते. तिच्या अग्रभागी रक्तचंदनाचे राजा-राणी असतात. त्यांना कानडीत ‘पट्टद गोंबे’ म्हणतात. गोंबे म्हणजे बाहुली. आणि पट्ट म्हणजे राजपद, हे मराठी माणसास सांगावयास नको. लग्नात आईबापांनी मुलीला ही जोडी द्यावयाची आणि तिने ती सासरी दर नवरात्रात मांडावयाची, अशी तिकडची रीत आहे. पायऱ्यांची संख्या विषम असते. तीन, पाच, सात, नऊ, जशी घरची ऐपत आणि जागा. वरच्या पायरीवर राजा-राणी, खाली देवादिक, वरातीचे वाजंत्री आणि सर्वांत शेवटी धान्याच्या ढिगांपुढे दुकान मांडून बसलेले स्थूल शेट्टी-शेट्टम्मा. मुलांचे लक्ष राजाराणीपेक्षा या दुकानाकडेच अधिक असते, आणि त्यात त्यांची चूक नाही. राजा नुसता उभा असतो. शेट्टी काहीतरी विकतो!

१६१० साली राजा वडियार यांनी श्रीरंगपट्टणास दसरा सुरू केला, तेव्हापासून म्हैसूर राज्यात या सणाचे वैभव वाढत गेले. बंगळुरात मराठी भाषा आली तीही त्याच शतकात. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने हे शहर घेतले, ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, आणि बाल शिवाजी काही काळ येथे राहून गेले. पुढे नोकरी-व्यापाराच्या निमित्ताने निरनिराळ्या काळी मराठी कुटुंबे येथे येत राहिली. त्यांतील कित्येकांनी शेजारणींचा बाहुल्यांचा सण आपलासा केला. तंजावरच्या मराठी घरांनीही तमिळ कोलू असाच स्वीकारला होता.

हा सण त्यांना परका वाटला नसावा, याचे कारण चैत्रगौरीत आहे. चैत्रातील हळदीकुंकवाला गौरीपुढे पायऱ्या करून घरातली खेळणी, बाहुल्या, लाकडी फळे मांडावयाची, आंब्याची डाळ आणि पन्हे द्यावयाचे, ही आरास मराठी बायकांच्या अंगवळणी पडलेली होती. चैत्रातली पेटी आश्विनातही उघडावयाची, एवढाच काय तो फरक. संध्याकाळी घराघरांत जाऊन ‘बाहुल्या मांडल्या का?’ म्हणून विचारणारी आणि हातावर खाऊ घेऊन पळणारी कानडी मुले पाहून भोंडल्याच्या खिरापतीची आठवण कोणत्या आजीला झाली नसेल?

मात्र एका बाबतीत दोन्ही रीतींचे जमत नाही. पायरीवरच्या बाहुलीला हात लावावयाचा नसतो. मातीचा वाजंत्री पडला, की फुटला. मुलीने नऊ दिवस हात मागे बांधून पाहावे, एवढाच तिचा अधिकार. मराठी भातुकलीचे शास्त्र नेमके उलटे. पितळेची चूल, तवा, पोळपाट-लाटणे, जाते, खलबत्ता, पाटा-वरवंटा, विळी आणि तो दिमाखदार बंब, हे सारे मुलीच्या स्वाधीन केले जाई. त्यात खरेच चुरमुरे शिजत, गुळाचे लाडू वळले जात, आणि चपट्या लाकडी ठकीचे लग्न लागून वऱ्हाड जेवून उठे. ठकीचा रंग उडे, नाक झिजे. पण त्यासाठी कुणी रागावत नसे. बंगळूरच्या मराठी मुलीच्या वाट्याला ही दोन्ही बालपणे आली. एक तिच्या डोळ्यांत राहिले, दुसरे हातांत.

या दोहोंमधली जागा चन्नपट्टणच्या खेळण्यांनी घेतली. म्हैसूरच्या रस्त्यावर, बंगळूरपासून सुमारे ६० किलोमीटरवर हे गाव आहे. आपण ज्याला काळा कुडा म्हणतो, त्याचे मऊ, हस्तिदंती रंगाचे लाकूड तेथे चरकावर धरतात. ते गरगर फिरत असता त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते, आणि शेवटी केवड्याच्या जातीच्या पानाने घासून तिला चकाकी आणतात. पिवळा रंग हळदीचा, निळा निळीचा. ही बाहुली पायरीवर शोभते आणि तान्ह्या मुलाने तोंडात घातली तरी आईचा जीव वरखाली होत नाही. उपयुक्ततेची याहून मोठी कसोटी खेळण्याला नसावी.

आजच्या सदनिकांत माळा नाही. पायऱ्या लोखंडी घडीच्या मिळतात. भातुकली तर आता काचेच्या कपाटात जाऊ लागली आहे, आणि हे मात्र रुचण्यासारखे नाही. पितळेची चूल न हाताळता नुसती पाहावयाची असेल, तर ती ठकीच्या काय कामाची? आजींपुढचा प्रश्न याहून अवघड असतो. राजा-राणीची जोडी मुलीबरोबर जावयाची. पण मुलगी परदेशी आणि सामानाला वजनाची मर्यादा. सून महाराष्ट्रातून आलेली. तिच्या माहेरी अशी जोडी देण्याची रीतच नाही. कित्येक आजी अशा वेळी रीत थोडी वाकवतात आणि जोडी सुनेच्या हाती ठेवतात. मग रक्तचंदनाच्या राणीला जरीच्या कागदाचा घोळ लावावा की नऊवारीचा काष्टा घालावा, यावर दोघींचा एखादा दिवस मजेत जातो.

विजयादशमीच्या रात्री राजा-राणीला हलकेच आडवे करून निजवतात. दुसऱ्या दिवशी त्यांना जुन्या लुगड्यात गुंडाळतात, मातीच्या वाजंत्र्यांभोवती कागदाचे बोळे बसवतात. आणि शेट्टीच्या दुकानातले तांदूळ व डाळ पुन्हा स्वयंपाकघरातल्या डब्यांत जाते.