ओलीचा हिशेब



दरवर्षी या व्यासपीठावरून शिक्षण, वसतिगृह व विवाह या विषयांवर बोलणे होते. आज आम्ही पायांखालच्या मातीविषयी बोलणार आहोत. कारण आपल्यातील पुष्कळ कुटुंबांचा संसार अद्याप मोहोळ, मंगळवेढे व बार्शीकडील जिराईत जमिनीवर चालतो.

आपली रब्बी ज्वारी चालू पावसावर नव्हे, तर साठलेल्या ओलीवर वाढते. आश्विनाच्या सुमारास पेरणी झाली की कापणीपर्यंत तिला बहुधा पाऊस लाभत नाही. मीटरभर खोल काळी जमीन पिकासाठी सुमारे 150 ते 200 मिलिमीटर पाणी धरून ठेवते. हीच शेतकऱ्याची ठेव होय. परंतु त्या ठेवीतून पीक खाते, तसे ऊनही खाते.

हे मर्म जाणून 1933 साली सोलापुरास कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. त्याआधी 1932 साली पुण्यास हवामान खात्याची कृषिहवामान शाखा निघाली. तेथे डॉ. एल. ए. रामदास यांनी काळ्या जमिनीचे तापमान मोजले. उन्हाळ्याच्या दुपारी तिचा पृष्ठभाग 60 अंश सेल्सियसच्याही वर तापे. फूटभर खाली मात्र दिवसरात्रीचा फरक जवळजवळ नाहीसा होई. वर खडूची पांढरी भुकटी पसरताच माती निवली. तात्पर्य, वरचा थर झाकला म्हणजे खालची ठेव सांभाळली जाते.

आता काळ पालटला आहे. 1901 ते 2018 या अवधीत भारताचे सरासरी तापमान सुमारे 0.7 अंशाने वाढले. हवा तापली की माती तापते आणि ओल लवकर उडते. परंतु देशाची सरासरी आपल्या शिवाराची हकीकत सांगत नाही. 1980 साली उजनी धरण पुरे झाले, ऊस वाढला. आज याच जिल्ह्यात कोठे जमीन पाण्याने चिबड होते, तर कोठे माघापूर्वीच भेगाळते.

जमीन राखावी की विकून पुण्यास जावे, हा प्रश्न आज घरोघर आहे. 'पूर्वी असे नव्हते' एवढ्या आठवणीवर तो सोडविणे धोक्याचे. 1972 चा दुष्काळ वृद्धांना आठवतो. पण कोणत्या वर्षी ओल किती खोल होती, हे कोणी सांगू शकत नाही. आम्ही आयुष्यभर मुलांना शिकविले की, स्मरणापेक्षा वही खरी.

म्हणून आमची विनंती अशी : प्रत्येक घरातील एका विद्यार्थ्याने पाऊस, पेरणीची तिथी, आणि पेरणी, दिवाळी व संक्रांत या तीन वेळी ओल किती खोल लागली, हे लिहून ठेवावे. जमल्यास सकाळी सातला व दुपारी दोनला चार बोटे खोल मातीचे तापमानही नोंदवावे. कर्त्या पुरुषांनी बांध नीट राखावेत आणि वेळेवर कोळपणी करून भेगा बुजवाव्यात.

दहा वर्षांनी या वह्यांतील आकडे आपल्या स्मरणिकेत छापले जावोत. मग जमिनीचा निर्णय आपली मुले हिशेबाने करतील.