कन्येचा वाटा
(सुवर्णमहोत्सवाच्या सभेत प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी पूर्वजांचे गुणगान करण्याचा प्रघात आहे, व तो योग्यच आहे. तथापि ज्युबिली ह्या शब्दाचा मूळ अर्थ आपण विसरता कामा नये. जुन्या करारातील लेवीय ग्रंथाप्रमाणे पन्नासाव्या वर्षी, ज्याची वतनभूमी हातची गेली असेल, त्यास ती परत मिळावयाची असे. म्हणूनच आज मी अशा एका वाट्याविषयी बोलणार आहे, जो आपल्या घरांतून मुकाट्याने नाहीसा होत असतो. तो वाटा म्हणजे कन्येचा वाटा.

स्त्रियांच्या स्थितीचा विषय निघाला म्हणजे परधर्मीयांकडे बोट दाखविण्याची आपणांस सवय आहे. मुसलमानांत मुलीस मुलाच्या निम्मे मिळते, असे आपण म्हणतो. ते खरे आहे. परंतु हा वाटा कुराणाने तिला सातव्या शतकात नेमून दिला, आणि विवाहानंतरही तिचे धन तिचेच मानले. त्यानंतर बाराशे वर्षे लोटली, तरी ख्रिस्ती इंग्लंडात लग्न होताच स्त्रीचा पैसाअडका पतीचा होत असे. १८७० व १८८२ च्या कायद्यांनी ती स्थिती पालटली. हिंदू कन्येस १९५६ च्या कायद्याने वारसा मिळाला. पुढे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ साली, तर सर्व देशाने २००५ साली तिला मुलाच्या बरोबरीने बसविले. मग बोट कोणी कोणाकडे दाखवावे?

आणखी एक गोष्ट पाहा. सुमात्रा बेटावरील मिनांगकाबाऊ लोक मुसलमान आहेत, तरी त्यांची वडिलार्जित शेतजमीन आईकडून मुलीकडे जाते. आपल्या मेघालयातील खासी लोकांत बहुसंख्य ख्रिस्ती आहेत. तेथे वडिलार्जित घर धाकट्या मुलीकडे राहते. उलट त्रावणकोरात १९१६ च्या ख्रिस्ती वारसा कायद्याने मुलीस मुलाच्या वाट्याचा चतुर्थांश किंवा पाच हजार रुपये, ह्यांपैकी जे कमी असेल तेवढेच मिळे. कोट्टायमच्या शिक्षिका मेरी रॉय ह्यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा १९८६ साली तो भेद नाहीसा झाला. सांगावयास लाज वाटते, पण त्या निकालास तेथील चर्चमधूनच विरोध झाला. क्रूस एकच, बाप्तिस्माही एकच. एका ठिकाणी मुलगी घराची धनीण होते व दुसऱ्या ठिकाणी पाहुणी. ह्याचा अर्थ उघड आहे. मुलीस वंचित ठेवते ती श्रद्धा नव्हे, रीत होय. आणि रीत मनुष्याने घातलेली असल्यामुळे मनुष्यास ती मोडताही येते.

आपल्याकडे तर कायद्याचीही सबब नाही. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून मुलगा व मुलगी समान वारस आहेत. आपणांस लागू असलेला १९२५ चा भारतीय वारसा कायदाही, मृत्युपत्र नसेल तेव्हा, दोघांत भेद करीत नाही. मग बहिणीचा वाटा जातो कोठे? तो हक्कसोडपत्रावरील एका सहीत जातो. “माहेर तुटेल,” “भाऊ काय म्हणेल,” “लग्नात दिले ते पुरे नाही काय?” अशा शब्दांनी ती सही मिळविली जाते.

हे मी दुरून सांगत नाही. आमचे वडील वारल्यावर थोरल्या बहिणीने अशीच सही केली. मी तेव्हा नवा धर्मगुरू होतो. ती क्षणभर थबकली. मी म्हणालो, “ताई, घरात शांती राहू दे,” आणि लेखणी तिच्या हाती दिली. पुढे तिला वैधव्य आले. भाड्याच्या एका खोलीत तिने मुले वाढविली. मजपाशी तिने कधी तक्रार केली नाही. परंतु मी जिला शांती म्हणालो, ती केवळ तिची मुग्धता होती, हे कळावयास मला वीस वर्षे लागली.

गणना ग्रंथात सलाफहादाच्या पाच कन्यांची कथा आहे. बापाला पुत्र नव्हता. म्हणून त्या मोशेपुढे व सर्व मंडळीपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपला वाटा मागितला. मोशेने उत्तर स्वतःच्या मनाने दिले नाही. तो प्रश्न त्याने परमेश्वरापुढे ठेवला, आणि मुलींचे म्हणणे रास्त आहे असा परमेश्वराने निवाडा दिला. मी त्या दिवशी परमेश्वरास विचारले नाही, रीतीस विचारले.

जी बहीण स्वखुशीने भावास देते, तिचे औदार्य थोर आहे. परंतु भिडेने काढून घेतलेले दान हे दान नव्हे. म्हणून वडीलधाऱ्यांनो, हयातीतच मृत्युपत्र करा व त्यात कन्येस विसरू नका. बंधूंनो, बहिणीपुढे कागद ठेवण्यापूर्वी तिचा वाटा किती, हे तिला स्पष्ट सांगा. भगिनींनो, वाटा मागणे हे पाप नव्हे. आणि ज्यांच्या घरी अशी सही पूर्वीच झाली आहे, त्यांस परतफेडीसाठी ह्या महोत्सवी वर्षाहून चांगला मुहूर्त कोणता? मी स्वतः ताईच्या दारी जाऊन क्षमा मागितली आहे, आणि भावांशी बोलणे आरंभिले आहे. आपणही आरंभ करावा.

प्रभू आपणा सर्वांस न्यायबुद्धी देवो.