मुखत्यारीचा प्रश्न



संगणक-सुरक्षेतील अधिकार-नियंत्रणाच्या प्रतिमानांचा विचार करण्यासाठी भरलेल्या या परिषदेत स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. पेशवे दप्तराचे रुमाल अभ्यासकांना खुले व्हावेत म्हणून ज्या पुण्यात इतिहास-संशोधकांना वर्षानुवर्षे सरकारदरबारी खेटे घालावे लागले, त्याच पुण्यात कोणता कागद कोणी पाहावा याचे शास्त्र चर्चिले जावे, हे उचितच होय.

एका बाजूस व्यक्ती, दुसऱ्या बाजूस वस्तू आणि दोहोंच्या छेदाशी परवानगी, असे कोष्टक बटलर लॅम्पसन यांनी १९७१ मध्ये मांडले. पुढे १९७३ मध्ये बेल आणि लापाड्युला यांनी अमेरिकेच्या हवाई दलासाठी गुप्ततेच्या श्रेणींचे नियम बांधले. खालच्या श्रेणीतल्याने वरचा कागद वाचू नये, हे कोणाही शिरस्तेदारास सुचले असते; परंतु वरच्याने खालच्या दप्तरात लिहूही नये, कारण त्याच्या नावाने चालणारा एखादा फितूर प्रोग्रॅम गुपित अलगद खाली उतरवील, ही दृष्टी मला विलक्षण वाटते. १९७६ मध्ये हॅरिसन, रुझो आणि उलमन यांनी तर सिद्धच केले की, कोष्टक बदलण्याचे नियम मोकळे ठेवल्यास एखादा अधिकार कधी भलत्याच्या हाती पडेल की नाही, हे सांगणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही. फेरायलो आणि कुन यांनी १९९२ मध्ये अधिकार व्यक्तीऐवजी हुद्द्याशी जोडला. मामलेदार बदलून गेला तरी शिक्का कचेरीतच राहतो, हे पाहिलेल्या आपल्या लोकांना त्यात नवल ते काय वाटावे!

मला मात्र सर्वांत बोधप्रद वाटतो तो नॉर्म हार्डी यांनी १९८८ मध्ये नोंदविलेला एक साधा प्रसंग. त्यांच्या यंत्रावरील कंपायलरला वापराची आकडेवारी लिहिता यावी म्हणून स्वतःच्या डिरेक्टरीत लिहिण्याची मुभा दिलेली होती. त्याच डिरेक्टरीत गिऱ्हाइकांच्या बिलांची फाइलही होती. एका वापरकर्त्याने कंपायलरचा तपशील जेथे उतरवायचा तेथे नेमके त्या बिलांच्या फाइलचे नाव दिले, आणि कंपायलरने आपल्या परवान्याच्या बळावर ती इमानेइतबारे पुसून टाकली. नियम एकही मोडला नव्हता. कंपायलर दोन धन्यांची चाकरी करीत होता, आणि कोणाच्या मुखत्यारीवर आपण हे लिहीत आहोत, हे सांगण्याची सोयच त्याला नव्हती.

आज आपली पत्रे वाचणारे, आपल्या वतीने खरेदी करणारे आणि परक्याच्या मजकुरातील सूचनाही हुकूम समजून पाळू शकणारे प्रोग्रॅम घरोघरी येत असताना, दारात कोण उभा आहे एवढेच विचारणारे प्रतिमान, त्याचे गणित कितीही निर्दोष असो, माझ्या मते अपुरे आहे.

भोजन-निवासाच्या व्यवस्थेत उणीव भासल्यास ती स्वागत समितीच्या पदरी घालावी. तरुण संशोधकांना माझी विनंती एवढीच की, आपला निबंध वाचताना सिद्धतेसोबत त्या प्रतिमानात हार्डींच्या कंपायलरचे काय झाले असते, हेही या सभेस सांगावे. आता अध्यक्षमहोदयांनी परिषदेची सूत्रे स्वीकारावीत, अशी मी त्यांना विनंती करतो.