धांवण्याचा आनंद
(महोत्सवाच्या सभेंत दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगीं धांवण्यावर भाषण कशाला, असा प्रश्न आपल्या मनांत येणें साहजिक आहे. परंतु जो आनंद आम्हांस पन्नाशीच्या उंबरठ्यावर लाभला, तो आपणांपासून लपवून ठेवणें आम्हांस बरें वाटत नाहीं.

बाळपणीं आपण सर्वच धांवलों. मोठेपणीं मात्र धांवणें गाडी पकडण्यापुरतें उरलें. २०११ सालीं वसई-विरारमध्यें मॅरेथॉन सुरू झाली, तेव्हां आम्हीं रस्त्याच्या कडेस उभें राहून टाळ्या वाजविल्या, आणि हें काम दुसऱ्यांचें असें समजून घरीं आलों. पुढें एके दिवशीं डॉक्टरांनीं आमच्या रक्तांतील साखरेचा आंकडा दाखविला. आमचे वडील याच विकारानें गेले होते.

दुसऱ्याच पहाटे मिस्सेनंतर आम्ही सुरूच्या बनाकडे निघालों, व तरुणांच्या ऐटींत धांवूं लागलों. शंभर पावलांतच छाती भरून आली, पोटऱ्या ताठल्या, आणि वाटेंतल्या बाया तोंडाला पदर लावून हंसल्या. त्यानंतर महिनाभर आम्हीं धांवण्याचें नांव काढलें नाहीं.

आमच्या भाच्यानें आमचें घोडें कोठें अडलें तें ओळखलें. तो म्हणाला, “मामा, सोबत्याशीं सहज बोलतां येईल इतक्याच वेगानें धांवा. शब्द तुटूं लागले कीं चाला.” ही एकच गोष्ट आमच्या उपयोगी पडली. एक मिनिट धांवणें, दोन मिनिटें चालणें, असें वीस मिनिटें. आठवड्यांतून ३ दिवस, मध्यें एक दिवस विश्रांति. पायांत मापाचे बूट असावे. ज्यांस हृदयाचा किंवा दुसरा जुना विकार असेल, त्यांनीं आधीं डॉक्टरांस विचारावें.

आणखी एक इशारा. दम कांहीं आठवड्यांत पुरूं लागतो. हाडें व कंडरा यांस बळकट होण्यास मात्र महिने लागतात. म्हणून उत्साहाच्या भरांत अंतर एकदम वाढविलें, कीं गुडघे तक्रार करूं लागतात.

तिसऱ्या महिन्यांत एके सकाळीं आम्ही ओल्या वाळूवरून जात होतों. समुद्रांत मचवे परतत होते. त्यांच्याकडे पाहतां पाहतां ध्यानांत आलें कीं, चालण्याची वेळ केव्हांच टळून गेली, आणि आम्ही अद्याप धांवतच आहों! त्या दिवसापासून धांवणें हें औषध राहिलें नाहीं. तें सुख झालें. डॉक्टरांनीं गोळी बंद केली नाहीं, पण साखरेचा आंकडा उतरलेला पाहून ते प्रसन्न झाले.

कोणी म्हणेल, पहिला नंबर येणार नसेल तर धांवावें कशाला? बेळगांवचे फडेप्पा चौगुले १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्यें मॅरेथॉन धांवले, व १९ वे आले. सातारा जिल्ह्यांतील मोही गांवच्या ललिता बाबर २०१६ सालीं रिओ येथें ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरींत पोहोंचल्या, व १० व्या आल्या. पदक दोघांसही मिळालें नाहीं. तरी त्यांचें नांव आपण अभिमानानेंच घेतों. मग आपल्या पहिल्या मैलाची लाज कां धरावी? विशेषतः आमच्या भगिनींनीं लोकांच्या हंसण्यास भिऊं नये. आम्हांस हंसलेल्या त्या बायांपैकीं दोघी आज आमच्याबरोबर येतात.

पुनरुत्थानाच्या सकाळीं दोन शिष्य कबरेकडे धांवले, ही कथा आपणांस ठाऊक आहे. एक जण पेत्राच्या पुढें निघाला, पण कबरेच्या तोंडाशीं थांबला; आंत प्रथम पेत्र गेला. ज्याचे पाय वेगवान, त्यानें मागच्यासाठीं थांबावें, एवढा बोध आम्ही त्यांतून घेतों.

तरी येत्या सोमवारीं पहाटेच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारांत जमावें. ज्यांस भीति वाटते त्यांनीं अवश्य यावें. आम्ही सर्वांच्या मागें धांवूं. म्हणजे शेवटचा नंबर कोणाच्याच वांट्यास येणार नाहीं.