पाण्याची वकिली

पैठणला आलेल्या पाहुण्याला आम्ही दोन ठिकाणं हमखास दाखवतो. एक एकनाथ महाराजांची समाधी, दुसरं जायकवाडीचं धरण. नाथसागराच्या त्या अफाट पाण्याकडे पाहिलं की मला एका वकिलाची आठवण येते. १४ जुलै १९२० रोजी ते याच पैठणात जन्मले. त्यांचं नाव शंकरराव चव्हाण.

शंकररावांनी कायद्याची पदवी घेतली ती हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातून. तिथं तेव्हा शिक्षणाची भाषा उर्दू होती. वकिलीत बस्तान बसलं असतं, संसार सुखाचा झाला असता. पण स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद मुक्तिसंग्राम सुरू झाला आणि या तरुणानं वकिली सोडली. पुढं नांदेडचं नगराध्यक्षपद, विधिमंडळ, जुन्या मुंबई राज्यात उपमंत्रिपद आणि १९६० साली महाराष्ट्र झाला तेव्हा पाटबंधारे खातं, असा प्रवास झाला. दोनदा मुख्यमंत्री आणि देशाचे गृहमंत्रीही ते झाले. लोक त्यांना ‘हेडमास्तर’ म्हणत.

मला मात्र वाटतं, त्यांनी वकिली कधी सोडलीच नाही. फक्त अशील बदललं. कोरडवाहू मराठवाडा हे त्यांचं नवं अशील.

धरणाची मूळ योजना बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळची. जागा बदलून पैठणला आली, नाव तेच राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं, तेव्हा मुख्यमंत्री शंकररावच होते. आपल्याच जन्मगावी एवढं काम उभं राहिलेलं पाहणं किती जणांच्या नशिबी असतं? दहा किलोमीटर लांबीची भिंत, सत्तावीस दरवाजे. डावा कालवा २०८ किलोमीटर परभणीकडे गेला, उजवा १३२ किलोमीटर बीडकडे.

पहाटेच्या नमाजासाठी वुजू करताना अब्बा नळ अगदी बारीक सोडत. म्हणत, ‘‘बेटा, इस पानी के नीचे भी घर हैं.’’ लहानपणी मला ते कळत नसे. पुढं एका कोरड्या उन्हाळ्यात जलाशय आटला. एक म्हातारे गृहस्थ उघड्या पडलेल्या चौथऱ्यांकडे बोट दाखवत होते. ‘‘ही आमची ओसरी, तिकडं विहीर, त्याच्यापल्याड मशीद.’’ बोलता बोलता त्यांनी चप्पल काढून हातात घेतली. आपल्याच ओसरीत चपलेनं कसं जायचं? या धरणात शंभरावर गावं बुडाली. मराठवाड्याच्या बाजूनं लागलेल्या निकालाची किंमत या माणसांनी मोजली.

आजही पाऊस उणा पडला की वरच्या धरणांतून जायकवाडीत किती पाणी सोडायचं, यावरून वाद पेटतो. २००५ च्या कायद्यानं खोऱ्यातल्या पाण्याच्या समन्यायी वाटपाचं तत्त्व आणलं आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. वरच्यालाही तहान आहे, खालच्यालाही आहे. पाण्याचा खटला असा पिढ्यान्‌पिढ्या चालतो.

२६ फेब्रुवारी २००४ रोजी शंकरराव गेले. त्यांनी तहानलेल्यांची बाजू जिद्दीनं मांडली. आता आपण ज्यांना निवडून देतो, त्यांच्याकडून माझी एवढीच अपेक्षा आहे : कालव्याच्या टोकाला उभ्या असलेल्या शेतकऱ्याची वकिली करा, आणि हातात चप्पल घेऊन चौथऱ्यावर उभ्या असलेल्या त्या म्हाताऱ्याचीही.